जिन्यावरचा पाळक

कापडाचे साठ थर एकावर एक रचायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि एका दमात कापायचं, याला हात दगडासारखा स्थिर लागतो. मास्तरिणीचा हात तसा होता. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कटिंगचं टेबल सतरा वर्षं तिच्याकडे होतं. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. तिच्या जिभेची धार पाहता दुसरं काही म्हणायची कुणाची छातीही नव्हती.

त्या सोमवारी मालकाने तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक छापील कागद होता. ‘मी ख्रिस्ती धर्म स्वखुशीने सोडत आहे. यापुढे प्रार्थनेसाठी कुठेही जमणार नाही.’ खाली नाव आणि सहीसाठी मोकळी रेघ.

कागद तिला नवा नव्हता. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या प्रार्थनामंदिराला सील लागलं, तेव्हापासून तो घरोघर फिरत होता. सही करणाऱ्याला कुणी हात लावत नव्हतं. न करणाऱ्यांपैकी अकरा जण दर रविवारी तिच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत जमायला लागले होते, दार लावून, हलक्या आवाजात. मग एका गुरुवारी त्यांच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, उचललं. बारा वर्षं ज्यांनी त्यांना प्रभूसाठी सगळं सोसायला शिकवलं होतं, ते पाळकसाहेब शनिवारी सही करून बाहेर आले आणि कुणाला न सांगता दुसऱ्या गावी मेव्हण्याकडे निघून गेले. आणि रविवारी, म्हणजे कालच, दोन माणसं येऊन तिच्या नवऱ्याला भर प्रार्थनेतून घेऊन गेली होती.

“मास्तरीणबाई, मला वरून विचारणा झालीय,” मालक चष्मा पुसत म्हणाला. माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. “नुसती सही आहे हो. मनात काय ठेवायचं ते ठेवा. मनात कोण डोकावतंय?”

“माझ्या मनात असतं तेच तोंडावर येतं. सतरा वर्षांत एवढंही कळलं नाही तुम्हाला?”

“तुमच्या यजमानांचाही विचार करा. तुम्ही सही केलीत तर कदाचित त्यांना...”

“त्यांनी केलेली नाही,” ती म्हणाली. “ते तिकडे मार खात नाही म्हणताहेत आणि मी इथे पंख्याखाली बसून हो म्हणू?”

मालकाने कागद खणात टाकला. तिला कामावरून काढायची त्याला हिंमत झाली नाही, कटिंगच्या टेबलावर ठेवायचीही झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला शिवून झालेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायला बसवलं. काल कामाला लागलेल्या मुली जे काम करतात ते. कटिंगला एक नवा माणूस आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने दोनशे शर्टांच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. मालक धावत तिच्याकडे आला. जरा बघता का, म्हणाला.

“मला धागे कापायला ठेवलंय ना? धागे कापते,” ती म्हणाली आणि मान वर केली नाही.

राग हेच त्या दिवसांत तिचं जेवणखाण होतं. सकाळी उठायची ती रागातच. जिना उतरताना शेजारणी नजर चुकवायच्या, त्याचा राग. दर बुधवारी ती नवऱ्याची चौकशी करायला कचेरीत जायची, तिथले साहेब मऊ आवाजात “बसा बाई” म्हणायचे आणि काहीच सांगायचे नाहीत, त्याचा राग. पाळकसाहेबांचा तर इतका, की त्यांचं नाव घ्यायचंच तिने सोडलं. आणि सगळ्यात जास्त राग होता तो देवाचा. लोक समजतात, श्रद्धा असलेली माणसं संकटात शांत होतात. तिच्या खोलीखाली राहणाऱ्या माणसांना विचारावं. संध्याकाळी घरी आली की ती भांडी आपटत मोठ्याने प्रार्थना करायची, आणि ती प्रार्थना म्हणजे निव्वळ खरडपट्टी असायची.

“तुझ्यासाठी माणूस आत बसलाय,” ती छताकडे बघून म्हणायची. “मी काही महाल मागितला नव्हता. दोन खोल्या, एक नवरा. तोही धड ठेवता येईना तुला? आणि हे बघ, मी कुठे जाणार नाही. मी इथेच उभी राहून विचारणार. रोज विचारणार.”

खालच्या मजल्यावर आक्का राहायची. निवृत्त परिचारिका, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तीही त्या अकरांपैकी. एकदा ती कठडा धरत वर आली.

“अगं, जरा हळू. देव बहिरा नाही.”

“मग उत्तर का देत नाही?”

“तू मध्ये श्वास घेशील तर देईल ना बिचारा.”

मास्तरिणीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणूनही राग आला.

रविवारचं जमणं मात्र तिने एकदाही चुकू दिलं नाही. नवऱ्याला नेल्यानंतर अकराचे सात झाले. पाळक नव्हता. मग आक्का पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, वाचायची, कुणीतरी प्रार्थना करायचं, पावाचा तुकडा मोडून सगळे प्रभूचं भोजन घ्यायचे. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणत. त्यात आपण जशी दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, असं एक वाक्य येतं. त्या वाक्याला मास्तरीण ओठ मिटून घ्यायची. खोटं बोलायचं नाही, म्हणून तर एवढं सगळं चाललं होतं. मग देवाच्या तोंडावर कशाला खोटं बोलायचं?

अकरा आठवड्यांनी नवरा सुटला. सही न करताच सुटला. आत जागा पुरत नव्हती म्हणे. तो जिना चढून आला तेव्हा तिने त्याला आधी ओळखलंच नाही. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं. काय झालं, असं तिने एकदाच विचारलं. “एक माणूस होता, त्याचा हात जड होता,” एवढंच तो म्हणाला.

त्याचा धंदा जळलेल्या मोटरी पुन्हा भरायचा. केसासारखी तांब्याची तार, तिचे मोजून वेढे द्यायचे. एक वेढा कमी पडला तरी मोटर तापते. पूर्वी गप्पा मारता मारता तो तीनशे वेढे मोजायचा. आता ऐंशीच्या पुढे गेला की आकडा सुटायचा, आणि तो मुकाट्याने तार उलगडून पुन्हा एकपासून सुरू करायचा. ती दारातून बघायची. तो चिडायचा नाही. त्याच्या वाटचंही तीच चिडायची.

तो आल्यानंतरच्या पाचव्या रविवारी, प्रार्थना नुकतीच सुरू झाली होती, तोच दारावर टकटक झाली. सगळे जागच्या जागी थिजले. मास्तरिणीने कडी काढली.

दारात पाळकसाहेब उभे होते. निम्मे झाले होते. दाढी वाढलेली, हातात एक कापडी पिशवी.

“मास्तरीणबाई, मला दोन शब्द सांगायचे आहेत.”

“तुमचे शब्द आम्ही बारा वर्षं ऐकले. तिसऱ्या दिवशी संपले ते.”

“उपदेश करायला नाही आलो. कबूल करायला आलोय.” त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “मी सही केली ते तुम्हाला माहीतच आहे. पण तेवढंच केलं नाही. त्यांनी विचारलं, लोक कुठे जमतात, खोली कुणाची. मी सांगितलं. लिहून दिलं. तुमच्या यजमानांना नेलं ते माझ्यामुळे.”

मास्तरिणीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांची तोंडं उघडी पडली होती, त्याचं नाही. तो खाली बघत होता.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“पहिल्याच दिवशी कळलं. साहेबांनी यांच्या अक्षरातला कागद दाखवला होता.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“सांगितलं असतं तर तू कात्री घेऊन त्यांच्या मेव्हण्याच्या घरी गेली असतीस.”

“गेलेच असते.”

मागे कुणीतरी चुकून हसलं. ती नाही हसली. अकरा बुधवार कचेरीच्या बाकावर काढले होते तिने, कुणी चुगली केली असेल याचा विचार करत. शेजारणींवर संशय घेतला होता, दुधवाल्यावर घेतला होता, एकदा तर आक्काच्या भाचीवरही. आणि हा माणूस, ज्याने तिचं लग्न लावलं, तो मेव्हण्याकडे गरम पाण्याने आंघोळ करत होता.

“प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याची गोष्ट सांगायला आला असाल तर ती मला पाठ आहे,” ती म्हणाली. “त्याने स्वतःला वाचवलं. दुसऱ्याच्या घराचा पत्ता दिला नव्हता त्याने.”

आणि तिने दार लावून घेतलं.

प्रार्थना संपून लोक बाहेर पडले तेव्हा पाळकसाहेब तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसलेले होते. लोक त्यांच्या अंगावरून वाट काढत खाली गेले. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. दार वाजवलं नाही, पायरीवर बसले, सगळं संपेपर्यंत बसले आणि निघून गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

“आत घेऊ या त्यांना,” नवरा एका सकाळी चहा पिताना म्हणाला.

“नाही.”

“अगं, कान माझा गेलाय. माफ करायचं की नाही ते मी ठरवीन.”

“तुमचा कान तुम्ही माफ करा. माझे अकरा आठवडे मी करत नाही.”

“प्रभूने काय सांगितलंय?”

“प्रभूशी माझं रोज बोलणं होतं. तुम्ही मध्ये पडू नका.”

त्याने कप खाली ठेवला. “मी आत असताना एक गोष्ट कळली,” तो सावकाश म्हणाला. “मी सही केली नाही, ते फार शूर होतो म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी मीही करणार होतो. पेन हातात होतं. तेवढ्यात साहेबांना फोन आला आणि ते बाहेर गेले. परत येईपर्यंत माझी हिंमत परत आली होती. एक फोन, बस्स. त्यांच्या वेळी आला नाही.”

तिने त्याच्यापुढचा कप उचलून विसळायला घेतला आणि इतका घासला की कान तुटून हातात आला.

चौथ्या रविवारी आक्का वर यायला फार वेळ लागला. मास्तरीण बघायला बाहेर गेली तर आक्का पायरीवर पाळकसाहेबांच्या शेजारी गुडघे दाबत बसली होती आणि दोघं शेजारच्यांच्या मांजरीबद्दल बोलत होते.

“आक्का, आत चला.”

“येते. दम खाते जरा. जिना काही तुझ्या मालकीचा नाही.” मग आक्का तिच्याकडे बघून म्हणाली, “आणि प्रभूचं भोजनही नाही.”

“मग माझ्या मालकीचं आहे तरी काय?”

“राग आहे की. तो सगळा तुझा. कुणी मागत नाही, ठेव.”

त्या दिवशी पाव मोडल्यावर नवऱ्याने एक तुकडा हातात घेतला आणि दाराकडे निघाला. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

“सरक,” तो म्हणाला. दहा वर्षांच्या संसारात त्या आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. ती सरकली.

पण पाळकसाहेबांनी तुकडा घेतला नाही. बाहेरून त्यांचा आवाज आला, “बाईंच्या हातून मिळेल तेव्हा घेईन.” नवरा तसाच परत आला. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, आता यात दुष्ट मीच ठरले की काय. चुगली याने केली, कान यांचा गेला, धागे मी कापतेय आणि मान खाली घालायची तीही मीच. त्या संध्याकाळी तिने देवाला जे सुनावलं त्यात श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाही.

पुढच्या रविवारी साहेब स्वतः आले.

जिन्यावर बुटांचे आवाज आले तेव्हा आतली प्रार्थना आपोआप थांबली. मास्तरिणीने दाराला कान लावला. साहेबांचा तोच मऊ आवाज, चार मजले चढून धापा टाकणारा.

“तुम्ही इथे? खबर खरी होती म्हणायची. तुम्ही तर सही केली होती.”

“केली होती,” पाळकसाहेब म्हणाले. “ती मी परत घेतो.”

“सही परत घेता येत नाही. केलेली मोडली तर जास्त शिक्षा आहे, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. मी ख्रिस्ती आहे साहेब. त्या दिवशी नाही म्हणालो ते खोटं होतं.”

“आत कोण कोण आहे?”

पाळकसाहेब म्हणाले, “मागच्या वेळी सांगितलं. या वेळी नाही सांगणार.”

त्यांचा आवाज कापत होता. तिला तो नीट ऐकू आला, भीतीने चिरकलेला, अगदी साधा माणसाचा आवाज. बारा वर्षं ज्या भरदार आवाजात ते उपदेश करायचे त्याचा मागमूसही त्यात नव्हता. मग काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि पाळकसाहेब कण्हले.

तिने कडी काढली. नवरा “थांब” म्हणेपर्यंत दार सताड उघडलं होतं.

“आत आम्ही आहोत,” ती साहेबांना म्हणाली. “आठ जण. मोजून घ्या. त्यांना कशाला मारता? मला विचारायचं. मी कधी लपवलंय?”

साहेबांबरोबर एकच शिपाई होता. त्यांनी खोलीत नजर टाकली. आक्का खुर्चीत, बाकीचे सतरंजीवर, टेबलावर ताटलीत पाव. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

“बाई, मी आज एकाच माणसासाठी आलोय,” ते कंटाळून म्हणाले. “तुमची पाळी मागून येईल. दार लावा.”

शिपायाने पाळकसाहेबांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं. त्यांचा ओठ फुटला होता. ते तिच्याकडे बघत नव्हते. मार खाल्लेला माणूस बघतो तसे जमिनीकडे बघत होते. मास्तरीण वळली, ताटलीतला पावाचा तुकडा उचलला आणि शिपायाला बाजूला सारून त्यांच्यासमोर गेली.

“काय आहे ते?” साहेबांनी विचारलं.

“पाव आहे. तपासून बघा हवं तर.” तिने तो पाळकसाहेबांच्या हातात ठेवला. “घ्या. खा. माझा राग गेलेला नाही, हे लक्षात ठेवा. सगळाच्या सगळा आहे. पण हे माझं नाही, प्रभूचं आहे. मला अडवायचा अधिकार नव्हता.”

त्यांनी तिथेच जिन्यात तो खाल्ला. फुटलेल्या ओठाने चावताना त्यांना वेळ लागला, आणि साहेब, का कोण जाणे, तेवढा वेळ थांबले.

बुधवारी ती कचेरीच्या खिडकीशी रांगेत उभी होती, हातात गाठोडं. दोन सदरे, एक ब्लँकेट, साबण. कारकुनाने कैद्याचं नाव लिहिलं आणि विचारलं, “नातं?”

“पाळक आहेत आमचे.”

“ते नात्यात बसत नाही. नवरा, बाप, भाऊ, मुलगा. यातलं सांगा.”

मागच्या बाईने हळूच सुचवलं, “भाऊ म्हणा हो, कोण बघतंय?”

“मी खोटं सांगणार नाही. खोटं सांगायचं असतं तर तुमच्या छापील कागदावर कधीच सही केली असती,” मास्तरीण कारकुनाला म्हणाली. “रकाना नसेल तर नवा काढा. मी उभी आहे.”

ती उभी राहिली. पावणेदोन तास. रांग तिला वळसा घालून पुढे सरकली, कारकुनाने जेवणाची सुट्टी घेतली, परत आला, ती तिथेच. शेवटी त्याने वैतागून ‘इतर’ असं लिहिलं आणि गाठोडं आत ओढलं.

पाच महिने ती दर बुधवारी गेली. दरम्यान मालकाने काही न बोलता तिला पुन्हा टेबलावर बसवलं, कारण डाव्या बाह्यांचा ढीग फार वाढला होता. खणातल्या कागदाचा विषय दोघांनीही काढला नाही. साहेब आणखी दोनदा येऊन गेले. एकदा तिलाही नेलं आणि चार दिवसांनी सोडलं. ती चार दिवस तिथे इतकी बोलली, की त्यांनी तिला लवकर सोडलं, असं आक्का सगळ्यांना सांगायची.

पाळकसाहेब सुटून आले त्या रविवारी तिने दार उघडून त्यांना आत घेतलं. हसली नाही. त्यांना खुर्ची दिली.

“मी काही बोलू का लोकांशी?” त्यांनी दबकत विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “वर्षभर फक्त ऐकायचं. आक्का वाचते.”

ते मान डोलावून बसले. आक्काने चष्मा लावला आणि पुस्तक उघडलं.